उमेदवारीचा खर्च : बेळगाव-निपाणी भागातील कारागिरीचे शिक्षण आणि कारखानदारांचे दायित्व



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण येथे जमलो आहोत, त्यांनी हस्तव्यवसायाच्या तासाला गणिताच्या तासाइतकेच गांभीर्याने वागवले. आपल्या शाळेतून बाहेर पडलेल्यांपैकी काही जण प्राध्यापक झाले, काही सरकारी सेवेत गेले. परंतु मोठा वर्ग उद्यमबागेत, मच्छे-होनग्याच्या वसाहतींत किंवा कोल्हापूर-कागलच्या कारखान्यांत गेला. त्यांतील काही आज मालक आहेत, काही कामगार आहेत, आणि दोघेही आज या सभागृहात बसले आहेत. म्हणून मी या व्याख्यानासाठी असा विषय निवडला की जो दोघांनाही सारखाच लागू पडावा. कारागीर घडवण्याचा खर्च कोणी करावयाचा, हा तो प्रश्न. मी इतिहासाचा अभ्यासक आहे. त्यामुळे उत्तराकडे जाण्याची माझी वाट इतिहासातूनच जाते.

१. एका शब्दाचा प्रवास

मराठीत शिकाऊ कामगारासाठी ‘उमेदवार’ असा एक सुंदर शब्द आहे. तो फारसीतून आला. उमेद म्हणजे आशा. जो आशेवर आहे तो उमेदवार. पूर्वी कचेरीत बिनपगारी काम शिकणाऱ्या कारकुनालाही उमेदवार म्हणत आणि कारखान्यात मेस्त्रीच्या हाताखाली राबणाऱ्या पोरालाही उमेदवारच म्हणत. आज हा शब्द प्रामुख्याने निवडणुकीपुरता उरला आहे. मात्र कायद्याच्या भाषेत ‘शिकाऊ उमेदवार’ अजून जिवंत आहे.

या शब्दात एक अर्थशास्त्रही दडलेले आहे. उमेदवार आशेवर राबतो, म्हणजे शिक्षणाचा खर्च तो स्वतःच सोसतो. पगार नाही किंवा नाममात्र आहे, वर्षे जात आहेत, घरचे पोट मारून काम शिकावयाचे आहे, अशी ती व्यवस्था होती. जातिव्यवस्थेने बांधलेल्या जुन्या समाजात हा प्रश्न वेगळ्या रीतीने सुटलेला होता. सुताराचा मुलगा सुतारकाम शिके, लोहाराचा मुलगा भाता ओढता ओढता लोखंडाचा रंग ओळखू लागे. शिकवणारा बाप आणि शिकणारा मुलगा. त्यामुळे शिकवलेला हात दुसरीकडे जाण्याची भीती नव्हती. मिरजेच्या शिकलगारांचे उदाहरण आपल्या जवळचे आहे. हत्यारांना धार लावणारी ही घराणी पुढे सतार-तंबोऱ्यांकडे वळली आणि आज मिरजेच्या वाद्यांना भौगोलिक मानांकन मिळाले आहे. घराण्यात जपलेल्या विद्येचे हे बळ होय. परंतु त्याच व्यवस्थेचा दोष असा की घराबाहेरच्याला ती विद्या मिळत नसे. ज्याचा बाप शेतमजूर, त्याने ओतकाम शिकावे ही कल्पनाच त्या काळी कोणाला सुचली नसती.

ही कोंडी फोडण्याचे काम आपल्याकडे कारखान्याने केले, आणि त्या कारखान्याचे एक मूळ आपल्या बेळगावात आहे.

२. ठळकवाडीहून किर्लोस्करवाडीकडे

लक्ष्मणराव किर्लोस्करांचा जन्म १८६९ साली बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे झाला. चित्रकार होण्यासाठी ते मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये गेले. पण रंगांमधला फरक आपल्याला नीट कळत नाही हे लक्षात आल्यावर यांत्रिक आरेखनाकडे वळले. पुढे ते व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षक झाले.

या संस्थेकडे क्षणभर लक्ष देणे आवश्यक आहे. तिची स्थापना १८८७ सालची. मुंबईच्या गिरण्यांना तेव्हा यंत्रज्ञ आणि कापडतज्ज्ञ हवे होते आणि ते विलायतेहून आणणे महाग पडत होते. संस्थेच्या उभारणीत गिरणीमालक सर दिनशा पेटिट यांच्या देणगीचा मोठा वाटा होता. म्हणजे कुशल माणूस ही आपली गरज आहे आणि ती भागविण्यासाठी आपण एकत्र येऊन पैसा घातला पाहिजे, ही जाणीव मुंबईच्या भांडवलदार वर्गाला शतकभरापूर्वीच झालेली होती.

लक्ष्मणरावांना तेथे डावलले गेले. बढतीच्या वेळी त्यांच्याऐवजी दुसऱ्यास संधी मिळाली. ते राजीनामा देऊन बेळगावास परतले आणि बंधू रामुअण्णांच्या सायकलींच्या धंद्यात शिरले. सायकली विकता विकता कडबा कापण्याची यंत्रे आणि पुढे लोखंडी नांगर आले. पहिल्या नांगरांना गिऱ्हाईक मिळण्यास किती वेळ लागला, ही गोष्ट आपल्यापैकी अनेकांनी शालेय पुस्तकात वाचली असेल. ज्या ठळकवाडीत, म्हणजे आजच्या टिळकवाडीत, त्यांचा कारखाना होता, ती जागा नगरपालिकेला शहराच्या वाढीसाठी हवी झाली. कारखाना उठवावा लागला. औंधचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी आपल्या संस्थानात कुंडलजवळचा माळ देऊ केला आणि १९१० साली किर्लोस्करवाडी वसली.

बेळगावने त्या वेळी काय गमावले, याची चर्चा आपण बरेचदा हळहळीच्या सुरात करतो. मला त्यातील एका वेगळ्या बाजूकडे लक्ष वेधावयाचे आहे. निवडुंगाने भरलेल्या त्या माळावर लक्ष्मणरावांना तयार कारागीर मिळणे शक्यच नव्हते. तेथे ना सरकारी प्रशिक्षण संस्था होती, ना मोठे शहर. जो माणूस हाताशी येईल त्याला शिकवणे भाग होते. शंभूराव जांभेकर, मंगेशराव रेगे यांच्यासारखे सहकारी तेथे कामातूनच घडले. भोवतालच्या खेड्यांतली शेतकऱ्यांची मुले साचे भरू लागली, लेथ चालवू लागली. शिक्षा भोगून आलेल्या तुकाराम रामोशी आणि पिऱ्या मांग यांच्यावर वसाहतीच्या राखणीची जबाबदारी सोपविण्यात आली, ही हकीकत प्रसिद्धच आहे. १९२० साली निघालेली ‘किर्लोस्कर खबर’ हे आरंभी कारखान्याचेच पत्रक होते. पुढे त्यातून मराठीतील एक अग्रगण्य मासिक उभे राहिले.

हे सारे लक्ष्मणरावांनी परोपकारबुद्धीने केले असे म्हणणे त्यांच्या व्यवहारबुद्धीवर अन्याय करणारे ठरेल. कारागीर घडविण्यावाचून त्यांना गत्यंतर नव्हते, आणि घडविलेला कारागीर टिकेल अशी परिस्थिती त्यांना लाभली होती. किर्लोस्करवाडीत दुसरा कारखाना नव्हता; वसाहतीतच घर होते, शाळा होती. शिकलेला मोल्डर उद्या शेजारच्या फाउंड्रीत जाईल ही भीती नव्हती, कारण शेजारी फाउंड्रीच नव्हती. एकाकी कारखान्याला शिक्षणावर खर्च करणे परवडते. जेथे शंभर कारखाने एकमेकांना खेटून उभे असतात तेथे काय होते, हा खरा प्रश्न आहे. आणि तो आपल्या उद्यमबागेचा प्रश्न आहे.

३. सरकारने उचललेला भार

स्वातंत्र्यानंतर या भाराचा मोठा हिस्सा सरकारने उचलला. दुसऱ्या महायुद्धात युद्धसामग्रीसाठी कारागीर हवे होते म्हणून सरकारने तांत्रिक शिक्षणाच्या योजना काढल्या होत्या. काही तरुणांना बेव्हिन योजनेखाली इंग्लंडमध्येही पाठविले होते. १९५० साली कारागीर प्रशिक्षण योजना सुरू झाली आणि तिच्यातून औद्योगिक प्रशिक्षण संस्थांचे, म्हणजे आपल्या परिचयाच्या आय.टी.आय.चे, जाळे उभे राहिले. फिटर, टर्नर, मोल्डर, वायरमन ही नावे खेड्यापाड्यांत पोहोचली. जातीने ज्यांना कारागिरी नाकारली होती, त्यांच्या हाती प्रमाणपत्र आले. या सुधारणेचे मोल मी कधीही कमी लेखणार नाही.

मात्र कारखान्याबाहेर शिकविलेला मुलगा कारखान्यात आला की त्याला पुन्हा शिकवावे लागते, हे लवकरच ध्यानात आले. म्हणून १९६१ साली शिकाऊ उमेदवारांचा कायदा झाला. त्याने ठरावीक व्यवसायांतील मालकांवर उमेदवार घेण्याचे बंधन घातले आणि विद्यावेतनही ठरवून दिले. कायद्याचा हेतू उत्तम होता. व्यवहारात अनेक ठिकाणी उमेदवार म्हणजे स्वस्त मजूर झाला; कोठे तो फॉर्म भरण्यापुरता घेतला गेला, तर कोठे दंड भरणे सोयीचे वाटले. २०१४ साली कायद्यात मोठी दुरुस्ती होऊन तुरुंगवासाची तरतूद गेली. २०१६ साली केंद्राने विद्यावेतनातील चौथा हिस्सा, महिना १,५०० रुपयांच्या मर्यादेत, स्वतः देण्याची योजना आणली. २०१९ साली ३० किंवा त्याहून अधिक कामगार असलेल्या आस्थापनांना उमेदवार घेणे सक्तीचे झाले. आपल्याकडच्या लहान फाउंड्र्या आणि यंत्रशाळा यांपैकी कितीतरी या आकड्याच्या खालीच राहतात. म्हणजे जेथे प्रत्यक्षात हात घडतो, त्यातील बऱ्याच जागांवर कायद्याची सक्ती नाही.

या काळात आणखी एक विचार पुढे आला. कोणते कौशल्य हवे हे उद्योगांनीच ठरवावे, आणि त्यासाठी प्रत्येक क्षेत्रात उद्योगांच्या पुढाकाराने चालणारी मंडळे असावीत. २००८ साली राष्ट्रीय कौशल्य विकास महामंडळ स्थापन झाले आणि त्याच्या आश्रयाने क्षेत्रनिहाय कौशल्य परिषदा उभ्या राहिल्या. पुढे २०१६ साली शारदा प्रसाद समितीने या परिषदांच्या कारभाराचा कठोर आढावा घेतला. परिषदा उद्योगांच्या म्हणून काढल्या गेल्या, पण उद्योगांनी स्वतःचा पैसा त्यांत फारसा घातला नाही. सरकारी निधीवर त्या चालत राहिल्या. समितीने उद्योगांकडून वर्गणी घ्यावी आणि जे प्रशिक्षण देतील त्यांना त्यातून परतफेड करावी, अशी सूचना केली. ज्याचे पैसे गुंतलेले नाहीत त्याचे लक्षही गुंतत नाही, हा संसारातला साधा अनुभव येथेही खरा ठरला.

४. निपाणीची वखार

आता थोडे निपाणीकडे वळू. निपाणीचा इतिहास तंबाखूच्या वखारींचा आहे. त्या वखारींत चाळण्या मारणाऱ्या, जर्द्याच्या धुरळ्यात दिवसभर उभ्या राहणाऱ्या स्त्रिया, आणि घरोघरी सूप मांडीवर घेऊन विड्या वळणाऱ्या स्त्रिया, यांच्या कष्टांवर ही बाजारपेठ उभी होती. या स्त्रियांची संघटना बांधण्यात सुभाष जोशी यांचा मोठा वाटा आहे. १९८१ साली शरद जोशींच्या नेतृत्वाखाली झालेले तंबाखू उत्पादकांचे आंदोलन, त्यातील गोळीबार आणि बळी, हे निपाणीकरांच्या स्मृतीत अद्याप ताजे आहे. पिठाच्या गिरणीत काम करता करता लेखन करणाऱ्या महादेव मोरे यांनी या भागातील कष्टकऱ्यांचे जग मराठी साहित्यात आणले. २०२४ साली ते आपल्यातून गेले.

आपल्या विषयाच्या दृष्टीने निपाणीचे महत्त्व असे की येथे उद्योगावर कर बसवून त्याचा पैसा कामगारांसाठी वापरण्याचा प्रयोग प्रत्यक्षात झाला. १९६६ च्या कायद्याने विडी कामगारांच्या कामाच्या अटी ठरविल्या आणि १९७६ साली विडी उत्पादनावर उपकर बसवून कल्याण निधी उभारण्यात आला. त्या निधीतून दवाखाने चालले, घरांना साहाय्य मिळाले, विडी कामगारांच्या मुलांना शिष्यवृत्त्या मिळाल्या. त्या शिष्यवृत्तीवर शिकून पुढे गेलेली माणसे या परिसरात आहेत. २०१७ साली वस्तू व सेवा कर आला तेव्हा हा उपकर रद्द झाला.

हा प्रयोग अयशस्वी होता असे मी म्हणणार नाही. त्याने आजारी शरीराला औषध दिले आणि पुढच्या पिढीला शाळेची वाट दाखविली. एक गोष्ट मात्र त्याच्या कक्षेबाहेर राहिली. विडी वळणारीच्या हातात दुसरे एखादे कौशल्य यावे यासाठी तिच्या मालकाने किंवा ठेकेदाराने काही करावे, अशी अपेक्षाच त्या व्यवस्थेत नव्हती. तंबाखूवरचे निर्बंध वाढले, तरुण पिढी या कामाकडे पाठ फिरवू लागली, तेव्हा चाळिशी-पन्नाशीच्या स्त्रिया जागीच अडकल्या. पर्यायी रोजगाराच्या शिक्षणाचे प्रयत्न फार उशिरा सुरू झाले. धंदा भरात असतानाच कामगाराला पुढची पायरी दाखवावी लागते. ओहोटी लागल्यावर ती दाखविण्यास पैसाही उरत नाही आणि वेळही.

५. वाळूसाठी एकत्र, माणसासाठी एकटे

बेळगावची ओळख आज फाउंड्री आणि हायड्रॉलिक्सचे शहर अशी आहे. पंप, व्हॉल्व्ह, मोटारींचे सुटे भाग यांची बिडाची ओतीव कामे येथून देशभर आणि देशाबाहेर जातात. ‘पॉलिहायड्रॉन’चे सुरेश हुंद्रे यांच्यासारख्या उद्योजकांनी सचोटीने धंदा करता येतो हे दाखवून दिले. २००९ पासून हत्तरगीला विमानांच्या सुट्या भागांचे विशेष आर्थिक क्षेत्र उभे आहे. ज्या शहरातून एका नांगरवाल्याला उठावे लागले, त्या शहराने शतकभरात एवढे केले, याचा अभिमान वाटणे स्वाभाविक आहे.

आपल्या कारखानदारांना एकत्र येणे जमत नाही असे कोणी म्हणू नये. बेळगाव फाउंड्री क्लस्टर हे त्याचे उत्तम उदाहरण. केंद्राच्या औद्योगिक पायाभूत सुविधा योजनेचे साहाय्य घेऊन एरवी एकमेकांचे स्पर्धक असलेले फाउंड्रीवाले एका संस्थेत आले. वापरलेली वाळू पुन्हा वापरण्याजोगी करण्याचा प्रकल्प, धातूच्या चाचणीची प्रयोगशाळा, अशा सामाईक सोयी त्यांनी उभ्या केल्या. एकट्याला न परवडणारी यंत्रे सर्वांना मिळून परवडली. १९५० साली स्थापन झालेल्या भारतीय फाउंड्रीमेनच्या संस्थेची शाखाही बेळगावात आहे. तिच्या वतीने व्याख्याने, शिबिरे होतात. सरकारचे टूल अँड ट्रेनिंग सेंटर आहे, आय.टी.आय. आहेत, अभियांत्रिकी महाविद्यालये आहेत आणि १९९८ पासून विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठाचे मुख्य ठाणेही येथेच आहे.

तरीही उद्यमबागेत कोणत्याही मालकाशी दहा मिनिटे बोलावे, तर चांगला मोल्डर मिळत नाही, सी.एन.सी. चालविणारा टिकत नाही, ही तक्रार ऐकू येते. शिकवावयाचे आम्ही आणि न्यावयाचे दुसऱ्याने, असा त्यांचा सूर असतो. तक्रार खोटी नाही. समजा, एका वसाहतीत दहा फाउंड्र्या आहेत. एकाने दोन मुलांना वर्षभर शिकविले. त्या वर्षात मुलांनी साचे बिघडविले, माल परत आला, मेस्त्रीचा वेळ गेला. वर्ष संपताच शेजाऱ्याने महिना हजार-दोन हजार अधिक देऊन ती मुले नेली. शेजाऱ्याला शिक्षणाचा खर्च नव्हताच. म्हणून तर त्याला अधिक पगार देता आला. पुढच्या वर्षी पहिला मालकही शिकविणे सोडतो आणि दुसऱ्याच्या माणसावर नजर ठेवतो. अखेरीस दहाही जण एकमेकांची माणसे ओढतात, शिकवीत कोणीच नाही, आणि दहाही जण माणूस मिळत नाही म्हणून हळहळतात. प्रत्येकाचा हिशेब आपापल्या जागी बरोबर आहे, आणि सर्वांचा मिळून हिशेब चुकलेला आहे.

या कोंडीची किंमत कोण मोजतो? मालक रिजेक्शनच्या रूपाने काही मोजतो. परंतु सर्वांत अधिक मोजतो तो उमेदवार. कोणी नीट शिकवीत नाही म्हणून तो वर्षानुवर्षे हेल्परच राहतो. वितळलेल्या लोखंडाच्या शेजारी अर्धवट शिकलेला हात असणे म्हणजे काय, हे ज्यांच्या घरात अपघात झाला आहे त्यांना सांगावे लागत नाही. ओलसर साच्यात धातू ओतला तर तो उसळतो, ही एक ओळीची माहिती. ती योग्य वेळी न सांगितल्यामुळे भाजलेले हात मी पाहिले आहेत. कौशल्य हा केवळ उत्पादकतेचा विषय नाही, तो देह शाबूत राहण्याचाही विषय आहे.

६. परदेशातील दोन वाटा

ही कोंडी आपलीच आहे असे नाही. जर्मनीत मुलगा आठवड्यातील काही दिवस कारखान्यात आणि काही दिवस शाळेत शिकतो. १९६९ च्या कायद्याने या पद्धतीला एकसंध रूप दिले. तेथे उद्योगांच्या चेंबरचे सदस्यत्व सक्तीचे आहे, उमेदवाराची परीक्षा चेंबर घेते, आणि अभ्यासक्रम ठरविताना मालकांबरोबर कामगार संघटनाही बसतात. बहुतेक मोठे कारखाने शिकवितात, त्यामुळे एकाने शिकविलेला दुसरीकडे गेला तरी दुसऱ्याने शिकविलेला आपल्याकडे येतो. जमाखर्चाची तोंडमिळवणी होते.

ब्रिटनने १९६४ साली वेगळी वाट धरली. कायद्याने निरनिराळ्या उद्योगांसाठी प्रशिक्षण मंडळे नेमली. सर्व मालकांकडून वर्गणी घ्यावयाची आणि जो शिकवील त्याला अनुदान द्यावयाचे. दुसऱ्याची माणसे ओढणाऱ्यालाही खर्चाचा वाटा उचलावा लागला. पुढे लहान मालकांनी कागदपत्रांच्या कटकटीची तक्रार केली, सरकारचे धोरण पालटले आणि १९८० च्या दशकात बहुतेक मंडळे बंद झाली. बांधकाम उद्योगाचे मंडळ मात्र टिकले. तेथे कामगार एका ठेकेदाराकडून दुसऱ्याकडे सतत जात असतो, म्हणून एकट्या मालकाने शिकविण्याची आशा नसते. सामाईक निधीची गरज तेथे सर्वांना पटलेली होती. २०१७ साली ब्रिटनने मोठ्या मालकांवर उमेदवारीसाठी पुन्हा वर्गणी बसविली. सोडलेल्या वाटेवर त्या देशाला अर्ध्या शतकानंतर परतावे लागले.

७. सीमेवरचा कारागीर

आपल्या भागाला आणखी एक पदर आहे, तो सीमेचा. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेने ओढलेली रेषा आणि तिच्यावरचा वाद यांविषयी आपणा सर्वांच्या भावना तीव्र आहेत. तो प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे आहे आणि आजच्या व्याख्यानाचा तो विषय नाही. पण कारागिरी ही रेषा कशी ओलांडते ते पाहण्याजोगे आहे. निपाणीचा मुलगा अर्जुननगरच्या देवचंद महाविद्यालयात जातो तेव्हा तो महाराष्ट्रात शिकत असतो. संध्याकाळी घरी येतो तेव्हा कर्नाटकात असतो. उद्या तो कागलच्या वसाहतीत नोकरीस लागतो. त्याला शिकविण्याचा खर्च एका राज्याने करावा आणि उपयोग दुसऱ्या राज्याच्या कारखान्याने करावा, अशी तक्रार सरकारे करू शकतील. दहा फाउंड्र्यांची गोष्ट येथे दोन राज्यांच्या रूपाने पुन्हा भेटते.

याला एक उत्तर कोल्हापुरी चपलेने दिले आहे. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर हे महाराष्ट्रातील आणि बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजयपूर हे कर्नाटकातील, अशा आठ जिल्ह्यांना मिळून या चपलेचे भौगोलिक मानांकन आहे. दोन्ही राज्यांची चर्मोद्योग महामंडळे त्याची संयुक्त धनी आहेत. अथणी-निपाणीकडचा कारागीर आणि कोल्हापूरचा व्यापारी यांचे नाते राज्यांच्या नकाशाहून जुने आहे, हे कायद्यानेही मान्य केले. २०२५ साली इटलीच्या प्राडा कंपनीने तसल्याच चपला आपल्या म्हणून मांडल्या आणि मोठी टीका झाली. त्याच वर्षाच्या अखेरीस कंपनीला या दोन महामंडळांशी करार करावा लागला. त्यात कारागिरांच्या प्रशिक्षणाचाही समावेश आहे. एकट्या चर्मकाराने मिलानपर्यंत आवाज पोहोचविला नसता. दोन राज्यांच्या संस्था एकत्र उभ्या होत्या, म्हणून बोलणी होऊ शकली.

८. आपल्या हातातील गोष्टी

इतिहासाच्या अभ्यासकाने उपदेश करू नये असा संकेत आहे. तो मी थोडा मोडतो, कारण श्रोत्यांत ज्यांनी निर्णय घ्यावयाचा ते बसलेले आहेत.

ज्या मंडळींनी वाळूसाठी संस्था काढली, त्यांनी माणसासाठीही ती चालवावी. प्रत्येक सभासद कारखान्याने आपल्या पगारखर्चाच्या प्रमाणात वर्गणी द्यावी आणि जो उमेदवार नीट शिकवील त्याला त्यातून परतफेड व्हावी. ओढून नेणाऱ्यालाही वर्गणी चुकणार नाही, एवढी साधी व्यवस्था झाली तरी शिकविणाऱ्याच्या मनातील निम्मी कटुता जाईल. उमेदवाराची परीक्षा त्याच्या मालकाने न घेता मंडळाने घ्यावी, म्हणजे प्रमाणपत्राला उद्यमबागेत तशी कागल-शिरोलीतही किंमत येईल. आणि शिकविण्याचे काम निवृत्तीला टेकलेल्या मेस्त्र्यांवर सोपवावे. वाळू मुठीत दाबून तिचा ओलावा सांगणारे ते हात दहा वर्षांनी आपल्यात नसतील.

यावर दोन आक्षेप घेतले जातील आणि दोन्ही विचारात घेण्यासारखे आहेत. पहिला मालकांचा : मोठे खरेदीदार दर दाबून धरतात, नफा पातळ आहे, वर्गणी कोठून द्यावी? याचे उत्तर असे की हा खर्च आजही होतोच आहे. तो रिजेक्शनमध्ये, परत आलेल्या मालात आणि वारंवार नवी माणसे शोधण्यात विखुरलेला असल्यामुळे वहीत दिसत नाही. दुसरा आक्षेप कामगारांचा : मालकांनी चालविलेले मंडळ मालकांच्याच सोयीचे शिक्षण देईल, एका यंत्रापुरता माणूस तयार करील, त्याला दुसरीकडे जाता येणार नाही असे पाहील. ही भीती मला अधिक गंभीर वाटते. म्हणूनच अशा मंडळावर कामगारांचे आणि शाळा-आय.टी.आय.मधील शिक्षकांचे प्रतिनिधी असले पाहिजेत. उद्योगाने पुढाकार घ्यावा याचा अर्थ उद्योगाने एकट्याने ठरवावे असा होत नाही. आज आपल्या भट्ट्यांवर मराठी, कन्नड, उर्दू बोलणाऱ्यांबरोबर बिहार-ओडिशाहून आलेले हातही आहेत; त्यांना समजेल अशा भाषेत सुरक्षेचा पहिला धडा मिळणे, आणि निपाणीच्या वखारीतून बाहेर पडू पाहणाऱ्या स्त्रीला कोअर बनविण्याच्या किंवा तपासणीच्या कामात प्रवेश मिळणे, या गोष्टी मालकांच्या यादीत आपोआप वर येणार नाहीत. त्या कोणीतरी आग्रहाने वर आणाव्या लागतील.

आणि शाळेने काय करावे? शाळेने माजी विद्यार्थ्यांतील मालकांना आणि कामगारांना एका टेबलाशी बसवावे. व्यापारी संघात मालक भेटतात, युनियनमध्ये कामगार भेटतात. दोघेही ज्या एका छपराखाली शिकले ती जागा आपली शाळा आहे. एकाच बाकावर बसलेली ही मुले आज वेगवेगळ्या बाजूंना असली तरी गुरुजींच्या नावाने आलेले बोलावणे दोघेही मोडणार नाहीत, असा मला विश्वास वाटतो. येत्या जूनपूर्वी अशी एक बैठक व्हावी, अशी माझी संस्थेला नम्र विनंती आहे.

लक्ष्मणरावांना माळावर माणसे घडवावी लागली, कारण दुसरा इलाज नव्हता. आपल्यापुढे इलाज अनेक आहेत आणि म्हणूनच आपण कोणताच करीत नाही. उमेदवार आशेवर राबतो. ती आशा फोल ठरू नये एवढी जबाबदारी, त्याच्या हाताचे काम ज्यांना लागते त्या सर्वांनी मिळून घ्यावी, इतकेच माझे मागणे आहे.